गरम गाडी लवकर स्टार्ट होत नाही? पार्ट बदलायच्या आधी हे करून बघा

सकाळी पहिल्या सेल्फला गाडी चालू होते, दिवसभर नीट पळते, पिकअप चांगला, एसी थंड, आणि मग कुठंतरी चहाला पंधरा-वीस मिनिटं थांबून परत चावी फिरवली की कुर्र कुर्र कुर्र चालू राहतं, पाच सेकंद, सात सेकंद, मागं बसलेले सगळे गप्प होतात आणि मग कशीबशी धरते. बरं, मेस्त्रीकडं नेली की हीच गाडी शहाण्या पोरासारखी वागते, कारण नंबर लागेपर्यंत तासभर सावलीत उभी राहून ती थंड झालेली असते. मेस्त्री म्हणतो "काहीच नाही हो गाडीत", आणि तरीपण जाता जाता काहीतरी बदलून देतो.

आमच्या पेट्रोल गाडीत प्लग बदलून झाले, कॉईल बदलून झाली, चांगली बॅटरी काढून नवी घालायला लावली, आणि शेवटी दुखणं निघालं टाकीतल्या पंपाच्या वाल्वचं. म्हणून हे लिहितोय. यातलं बरंचसं घरच्या घरी तपासता येतं, फक्त एक अट आहे, जे काय बघायचं ते गाडी त्रास देत असतानाच बघायचं. थंड गाडीवर केलेली तपासणी या आजारात जवळपास फुकट जाते.

१. आधी कानानं ठरवा, आजार कोणता आहे

"गाडी उशिरा स्टार्ट होते" या एका वाक्यात दोन वेगळे आजार लपलेले असतात आणि गोंधळ इथूनच सुरू होतो.

पहिला प्रकार, सेल्फच दमल्यावानी फिरतो. घर्र... घर्र... घर्र असा ओढून ताणून आवाज, डॅशबोर्डचे लाईट मंद होतात, कधी नुसतं टक् होऊन थांबतं. हे काम बॅटरी, वायर, अर्थिंग नाहीतर सेल्फ मोटरचं. इथं पेट्रोलचा काही संबंध नाही.

दुसरा प्रकार, सेल्फ एकदम जोरात फिरतो पण इंजिन धरत नाही. म्हणजे इंजिन फिरतंय, पण त्याला पेट्रोल-डिझेल कमी पडतंय, किंवा जास्त झालंय, किंवा कधी फवारा मारायचा नि कधी करंट द्यायचा हेच इंजिन सांभाळणाऱ्या कंप्युटरला समजत नाहीये.

फरक कळत नसेल तर मोबाईल काढा. सकाळी थंड गाडीचा सेल्फ रेकॉर्ड करा आणि दुपारी त्रास देताना परत रेकॉर्ड करा. दोन्ही लागोपाठ ऐका, वेग सारखा असेल तर दुसरा प्रकार, दुपारचा हळू असेल तर पहिला. हेच रेकॉर्डिंग पुढं मेस्त्रीला ऐकवायला पण कामाला येतं.

२. किती वेळ थांबल्यावर त्रास होतो ते लिहून ठेवा

हे लोक करतच नाहीत आणि खरी चावी इथंच असते.

इंजिन बंद केलं की कूलंट फिरायचं थांबतं, समोरून हवा लागायची थांबते, पण ब्लॉकमधली उष्णता कुठं जात नाही, ती वर चढून बोनेटखाली साठते. त्यामुळं गाडी बंद केल्यानंतर पहिली पंधरा ते तीस मिनिटं इंजेक्टर (पेट्रोलचा फवारा मारणारे), फ्युएल रेल (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी), सेन्सर, सेल्फ मोटर हे सगळं चालत्या गाडीपेक्षा जास्त तापतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडला पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, खाली डांबर तापलेलं, त्यात बीडकडून येताना मांजरसुंब्याचा घाट चढून वर चहाला थांबलात तर बोनेटखाली काय होत असेल याचा विचार करा.

तर एक वही ठेवा नाहीतर मोबाईलमध्ये टाका, किती किलोमीटर चालली, किती वेळ बंद होती, सेल्फ किती सेकंद मारावा लागला, टाकीत पेट्रोल किती होतं, नुकतंच भरलं होतं का. चार-सहा नोंदी झाल्या की गाडी स्वतःच बोलायला लागते:

- बंद करून मिनिटाभरात चालू केली तर ठीक, पंधरा-तीस मिनिटांनी त्रास, तीन तासांनी परत ठीक: उष्णतेचा मामला. पेट्रोलची वाफ, टपकणारा इंजेक्टर किंवा गरम होऊन बंद पडणारा सेन्सर.
- दुपारी तर त्रास आहेच, पण सकाळी पण आताशा थोडा जास्त सेल्फ लागायला लागलाय: पेट्रोलच्या लाईनमधलं प्रेशर उतरतंय, टाकीतल्या पंपाचा वाल्व.
- फक्त पेट्रोल भरल्या भरल्या, पेट्रोल पंपावरच त्रास: पर्ज वाल्व (टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा, पायरी पाचमध्ये सांगतो). याला दुसरं काही क्वचितच असतं.
- गरम झाली की बंद करून लगेच चालू केली तरी त्रास, आणि गाडी डिझेल: नोझल (डिझेलचा इंजेक्टर) नाहीतर हाय प्रेशर पंप.
- मध्येच चालता चालता बंद पडते आणि थंड झाल्यावरच चालू होते: क्रँक सेन्सरपासून (इंजिन फिरतंय का हे कंप्युटरला सांगणारा) सुरुवात करा.

३. सामान आणि कागद

लई काही लागत नाही.

- साधा डिजिटल मल्टिमीटर, तीन-चारशे रुपयांचा चालतो.
- ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) आणि मोबाईलमधलं ॲप. भारतात २०१३ नंतरच्या बीएस-४ गाड्यांना आणि एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांना हे सॉकेट असतं, बहुतेक स्टेअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ. त्याच्या आधीच्या गाडीला सॉकेट दिसलं तरी हे स्वस्तातलं यंत्र बोलेलच असं नाही.
- दहा नंबरचा पाना, जुना टूथब्रश, खायचा सोडा.
- एक जाड सुती फडकं आणि पाण्याची बाटली.
- आरसीची झेरॉक्स किंवा फोटो. स्पेअर पार्टवाला चेसिस नंबर विचारतोच, एकाच मॉडेलमध्ये वर्षानुसार सेन्सर बदललेले असतात.
- बॅटरीचं वॉरंटी कार्ड आणि जुनी बिलं, म्हणजे काय काय आधीच बदललंय ते समोर राहील.

आणि एक बघा, सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. सलग मारत बसलात तर एका आजाराचे दोन होतात, सेल्फ मोटर पण जाते. आणि ही सगळी टेस्टिंग समृद्धीच्या कडेला उभं राहून करू नका, पेट्रोल पंप, हॉटेल, गावातली मोकळी जागा बघा.

४. सेल्फ दमत असेल तर

पहिलं बोनेट उघडून बॅटरीचे टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी पावडर धरलेली असेल तर कोमट पाण्यात सोडा घालून ब्रशनं साफ करा. काढताना आधी निगेटिव्ह काढायचं, लावताना निगेटिव्ह शेवटी. टर्मिनल हातानं हलत असेल तर तिथंच अर्धं उत्तर मिळालं.

मग मीटर. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, १२.२ म्हणजे अर्धीच भरलेली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. आणि महत्त्वाचं, त्रास देत असताना कुणालातरी सेल्फ मारायला सांगून मीटर बॅटरीवर धरा, ९.६ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी संपत आलीय, किंवा सेल्फ मोटर जाम होऊन भसाभस करंट ओढतीय. बॅटरी दुकानात लोड टेस्टर असतो, बहुतेक ठिकाणी फुकट तपासून देतात, तिथून बॅटरी पास झाली तर मोटरकडं बघा.

इथं एक उलटी गोष्ट आहे. बॅटरी स्वतः गरम असली की करंट जरा बराच देते, थंडीत मार खाते. म्हणून "सकाळी झक्कास, दुपारी दमते" असं असेल तर बॅटरीला दोष द्यायच्या आधी सेल्फ मोटर आणि अर्थिंगची वायर तपासा. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे मोटर ऐंशी डिग्रीनं तापली तर तीस टक्क्यांच्या वर गेला, त्यात कार्बन ब्रश झिजलेले आणि बुश घासलेला असला की मोटर गरममध्ये ओढतच नाही. कार्बन आणि बुश बदलून मिळतात, चांगला वायरमन असेल तर अख्खी मोटर घ्यायची गरज पडत नाही.

अर्थिंगची टेस्ट सोपी आहे. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या खुंटीवर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर, सेल्फ मारायचा. ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंगची पट्टी खराब किंवा गंजलेली. तसंच पॉझिटिव्हच्या खुंटीपासून सेल्फच्या मोठ्या नटापर्यंत, तिथं अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. किरकोळ खर्चाच्या पट्टीसाठी लोकं हजारोंची बॅटरी घेतात राव, हे मी डोळ्यानं बघितलंय.

५. पेट्रोल गाडी, सेल्फ जोरात पण धरत नाही

इथं दोन टेस्ट आहेत, दोन्ही फुकट, दोन्ही ड्रायव्हर सीटवर बसून. मेस्त्रीकडं जायच्या आधी या केल्याच पाहिजेत.

*चावीची टेस्ट.* गाडी त्रास देणार अशी वेळ आली की थेट सेल्फ मारू नका. चावी ऑनपर्यंत फिरवा, मागच्या सीटखालून बारीक भुंऽऽ असा दोन-तीन सेकंद आवाज येतो, तो पंप. आवाज थांबला की चावी बंद, परत ऑन, परत भुंऽऽ, असं दोन-तीनदा करा आणि मग सेल्फ मारा. बटन स्टार्टवाल्यांनी ब्रेक-क्लच न दाबता बटन दाबायचं, बऱ्याच गाड्यांत दोनदा दाबावं लागतं, म्हणजे नुसतं इग्निशन ऑन होतं. असं केल्यावर गाडी पटकन धरली तर लाईनमधलं प्रेशर उतरत होतं हे जवळजवळ नक्की.

कामून असं होतं? बहुतेक एमपीएफआय (इंजेक्टरवाल्या पेट्रोल) गाड्यांत पेट्रोलच्या लाईनला तीन ते चार बार प्रेशर असतं आणि गाडी बंद केल्यावर पण ते बराच वेळ टिकून राहायला पाहिजे, त्यासाठी पंपात एक बारीक वाल्व असतो. पेट्रोलचा हलका भाग चाळीस डिग्रीच्या आसपासच वाफ व्हायला लागतो, प्रेशरखाली असला तर तो पातळ राहतो, प्रेशर उतरलं की गरम रेलमध्ये वाफेचे फुगे. मग सेल्फ मारल्यावर इंजेक्टरमधून पेट्रोलऐवजी वाफ जाते आणि पंपानं ती ढकलून बाहेर काढेपर्यंत इंजिन नुसतं फिरतं. थंड असताना प्रेशर उतरलेलं असलं तरी फुगे नसतात, म्हणून सुरुवातीला सकाळी कळत नाही.

*पॅडलची टेस्ट.* चावीच्या टेस्टनं फरक पडला नाही तर पुढच्या वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत असं केल्यावर कंप्युटर पेट्रोल बंद करतो आणि नुसती हवा जाऊ देतो. अशानं गाडी लवकर धरली, सायलेन्सरमधून काळसर धूर आला, पेट्रोलचा वास आला, तर गाडीत पेट्रोल कमी नाही, जास्त होतंय. धरली की पाय लगेच काढा, नाहीतर इंजिन बोंबलेल.

जास्त होण्याची कारणं तीन. एक, इंजेक्टर बंद असतानाही टपकतोय. अशा वेळी प्लग काढले की एखादाच प्लग ओला किंवा काळाकुट्ट दिसतो, बाकीचे ठीक. दोन, टेंपरेचर सेन्सर इंजिन थंड आहे असं खोटं सांगतोय, त्याचं पुढच्या पायरीत सांगतो. तीन, पर्ज वाल्व. टाकीतली वाफ एका कोळशाच्या डब्यात साठते, आणि हा वाल्व ती इंजिनात सोडतो, करंट नसताना तो बंदच पाहिजे. वाल्व काढून तोंडानं फुंकर मारून बघा, हवा आरपार गेली तर तो उघडा अडकलाय. आणि पंपावर ऑटो कट झाल्यावर "राऊंड फिगर करा" म्हणून वरून कोंबायची आपल्याला जी सवय आहे ना, त्यानं पातळ पेट्रोल त्या डब्यात जातं आणि हा त्रास हमखास सुरू होतो.

प्रेशर खरंच उतरतंय का याचा पक्का पुरावा गेज लावूनच मिळतो. ते काम मेस्त्रीला करू द्या, बऱ्याच गाड्यांत गेज लावायला वेगळं तोंड नसतं, मध्ये टी-जॉईंट घालावा लागतो आणि गरम इंजिनवर पेट्रोलची लाईन उघडणं म्हणजे आगीशी खेळ. तुम्ही एवढंच बघा की गाडी बंद केल्यावर वीस मिनिटांनी काटा कुठं आहे. पाच मिनिटांत शून्यावर आला तर गळती आहे, मग ती पंपाच्या वाल्वमधून मागं का इंजेक्टरमधून पुढं हे शोधायचं. कुणी प्लास्टिकची लाईन पकडीनं दाबून बघतो म्हणाला तर थांबवा, ती तडकते.

आमच्या गाडीत पंपच निघाला. मागची सीट उचलली तर पंपाच्या झाकणावर काळ्या मातीची ही एवढी धूळ, शेतरस्त्यावर फिरलेल्या गाडीत दुसरं काय असणार. आधी ब्रश, मग हवेचा पाईप, मग ओलं फडकं, आणि मगच झाकणाला हात लावायला लावला, नाहीतर सगळी माती सरळ टाकीत गेली असती. ते काम बॅटरीची वायर काढून, मोकळ्या हवेत, टाकी निम्म्यापेक्षा खाली असताना करायचं. वाल्व एकटा सहसा मिळत नाही, पंपाची मोटर किंवा अख्खी असेंब्ली घ्यावी लागते. इथं डुप्लिकेट घेऊ नका, स्वस्तातल्या पंपात नेमका तो वाल्वच रद्दी असतो. खर्च लगेच जमत नसेल तर चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून गाडी चालवता येते, आम्ही तशी बरीच चालवली, फक्त घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावं लागतं.

अजून एक, रोज दोनशेचं टाकून रिझर्व्हवर गाडी चालवायची सवय असेल तर ती बदला, टाकीतला पंप त्याच पेट्रोलनं थंड होतो.

आणि इथेनॉलचं. हल्ली कुठलाही त्रास झाला की "ई-२० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मुळं झालं" असं ऐकायला मिळतं. इथेनॉल आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांतून पण जातं, त्यामुळं हा विषय चहाच्या टपरीवर लई रंगतो. जुन्या गाड्यांच्या रबर-सीलला ते मानवत नाही हे खरं आहे, पण त्याच पंपावर तेच पेट्रोल भरणाऱ्या तुमच्यासारख्याच दुसऱ्या गाड्या दुपारी नीट चालू होत असतील तर पेट्रोलच्या नावानं बोटं मोडून उपयोग नाही, तुमच्या गाडीचं प्रेशर तपासा.

कार्बोरेटरवाली जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी असेल तर तिथं वाफ धरणं हा जुनाच रोग आहे, ओम्नीत तर इंजिन सीटखालीच. फ्युएल पंपावर आणि लाईनवर ओलं फडकं टाकून पाच मिनिटं थांबा, चालू झाली की कारण कळलं.

६. सेन्सर: स्कॅनर लावा, पण कोड पुसू नका

स्कॅनर लावला की लोक पहिलं काम करतात ते बिघाडाचे कोड डिलीट. तसं करू नका, आधी फोटो काढा. पी०३३५ हा क्रँक सेन्सरचा, पी०३४० कॅम सेन्सरचा (वाल्व उघडणाऱ्या कॅमशाफ्टची जागा सांगणारा). कोड नाही म्हणजे सेन्सर चांगला असं पण नाही, गरममध्ये चुकणारे सेन्सर कित्येकदा कोड टाकतच नाहीत. म्हणून लाईव्ह डेटा, म्हणजे त्या क्षणाचे आकडे बघायचे.

टेंपरेचर सेन्सरसाठी सकाळी रात्रभर उभ्या गाडीला स्कॅनर लावा, नुसती चावी ऑन. कूलंटचं तापमान आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं आलं पाहिजे, म्हणजे सकाळी बाहेर सव्वीस असेल तर दोन्ही सव्वीसच्या आगंमागं. मग गाडी चांगली तापवून, पंधरा मिनिटं बंद ठेवून, त्रास द्यायच्या वेळी परत बघा. तेव्हा ऐंशी-नव्वदच्या घरात पाहिजे. तिथं तीस-चाळीस दाखवत असेल तर कंप्युटरला वाटतं इंजिन थंड आहे, तो जास्तीचं पेट्रोल ओततो आणि गाडी फ्लड होते, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन धरत नाही. उणे चाळीस दाखवलं तर वायर तुटलीय किंवा सॉकेट निघालंय. एक अडचण आहे, आपल्याकडं उन्हाळ्याच्या भीतीनं थर्मोस्टॅट वाल्व (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा) काढून टाकायची खोड मेस्त्री लोकांना आहे, तसं केलेलं असेल तर चालत्या गाडीत तापमान साठ-पासष्टच दिसेल, तो दोष सेन्सरचा नाही.

क्रँक सेन्सरसाठी सेल्फ मारत असताना स्कॅनरवर आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) बघा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्यच, तर सेन्सरवर संशय. नॉर्मल असेल तर सेल्फवर दोनशे-अडीचशेच्या आसपास दिसतो. स्वस्त स्कॅनर सेल्फ मारताना कधी कधी बंद पडून परत चालू होतात, त्यामुळं एकाच वेळचं बघून ठरवू नका. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डचा आरपीएम काटापण सेल्फवर थोडा उचलतो, तो मेल्यासारखा पडून असेल तर ती पण खूण. पक्कं करायचं असेल तर सेन्सरपर्यंत हात पोचत असल्यास त्याच्यावर ओलं फडकं दाबून धरा, दोन-तीन मिनिटांनी गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली तर बदला. फडकंच वापरा, गरम ब्लॉकवर बाटली ओतू नका, लोखंड तडकू शकतं.

कॅम सेन्सर गेला तर बऱ्याच गाड्या चालू होतात, पण अंदाज घेत घेत, म्हणजे सेल्फ जास्त मारावा लागतो. तो थंडीत पण थोडा जास्त लागेल, हा फरक लक्षात ठेवा.

७. डिझेलवाल्यांसाठी

डिझेल गाडी गरम असताना उशिरा चालू होत असेल तर ग्लो प्लग बदलून पैसे घालवू नका, त्यांचं काम थंड इंजिनात असतं.

कॉमन रेल गाडीत (जिथं सगळ्या नोझलना एकाच नळीतून जोराच्या प्रेशरचं डिझेल मिळतं) रेलचं प्रेशर एका आकड्याच्या वर गेल्याशिवाय कंप्युटर नोझल उघडतच नाही, गाडीनुसार फरक असतो पण साधारण दीडशे-दोनशे बार धरा. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या नोझलमधून ते सिलिंडरमध्ये जायच्या ऐवजी रिटर्नच्या नळीनं परत टाकीकडं पळतं, आणि सेल्फच्या कमी वेगावर पंप तेवढं भरून काढू शकत नाही. थंडीत डिझेल जाडसर, गळती कमी, म्हणून चालू होते. स्कॅनरवर सेल्फ मारताना रेल प्रेशर बघा, पन्नास-ऐंशी बारवरच घुटमळत असेल तर हेच.

यावरची टेस्ट बघायला मजा येते. पंप लॅबवाला (डिझेल पंप-नोझल दुरुस्त करणारा) चारही नोझलच्या रिटर्नला सलाईनच्या नळ्या लावतो आणि त्या चार सारख्या बाटल्यांत सोडतो. गाडी चालू ठेवायची. तीन बाटल्यांत तळाला बोटभर डिझेल आणि चौथी निम्म्याच्या वर गेलेली दिसली की कुणी काही सांगायची गरज राहत नाही, तोच नोझल. अशा वेळी चारही बदला म्हणणाऱ्याला आधी या बाटल्या दाखवायला सांगा. नवीन नोझल बसवल्यावर बऱ्याच गाड्यांत त्याच्यावरचा कोड स्कॅनरनं कंप्युटरमध्ये टाकावा लागतो, तो टाकला का विचारा. चारही बाटल्या सारख्या नि कमी असतील तर हाय प्रेशर पंप, त्याच्यावरचा वाल्व, नाहीतर रेलचा सेन्सर.

त्याच्या आधी सोपं काम म्हणजे फिल्टर कधी बदलला ते बघा, आणि लाईन एअर धरते का ते बघा. फिल्टरपुढं थोडी पारदर्शक नळी टाकली की बुडबुडे दिसतात.

एक गोष्ट नीट ऐका. जुन्या गाड्यांत नट ढिला करून एअर काढायचे, ती सवय कॉमन रेलवर चालवू नका. चालू गाडीत तिथं हजार बारच्या वर प्रेशर जाऊ शकतं, बारीक धार कातडी फोडून आत जाते, दिसायला टाचणी टोचल्याएवढं आणि हात गमवायची पाळी. कुणाला लागलंच तर घरी हळद लावत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात. आणि स्टार्टिंगचा स्प्रे ग्लो प्लगच्या गाडीत मारू नका.

जुन्या रोटरी पंपाच्या गाडीत पंपावर ओलं फडकं गुंडाळल्यावर चालू होत असेल तर पंपाचं हेड झिजलंय.

८. सीएनजी असेल तर

कंपनीच्या बऱ्याच सीएनजी गाड्या चालू होताना पेट्रोलवर होतात आणि मग गॅसवर जातात. लोक टाकीत दोन लिटर पेट्रोल ठेवून महिनोन्महिने गॅसवर फिरतात, ते पेट्रोल जुनं होतं, इंजेक्टरला चिकटा धरतो, पंप कोरडा तापतो. आठवड्यातून एकदा वीस-तीस किलोमीटर पेट्रोलवर चालवून बघा, फरक पडला तर उत्तर मिळालं. नसेल पडत तर पायरी पाच. गॅसच्या रिड्युसरला (गॅसचं प्रेशर कमी करणारा भाग) स्वतः हात लावू नका.

९. मेस्त्रीकडं जाताना

गाडी थंड नेऊ नका. आधी फोन करून वेळ ठरवा, वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून गरम न्या, त्याच्या दारात बंद करा आणि तुमच्या वहीत जेवढी मिनिटं लिहिलीत तेवढी थांबा. मग चावी त्याच्या हातात द्या. संभाजीनगरला चिकलठाणा-वाळूजकडं काय, लातूर-नांदेडला काय, चांगला मेस्त्री हे बघून खूश होतो, ज्याला घाई आहे तो वैतागतो, आणि वैतागला तर दुसरा बघा.

बोलताना "स्टार्टिंग प्रॉब्लेम आहे" असं मोघम सांगू नका. असं सांगा: "पंधरा-वीस मिनिटं बंद ठेवल्यावर सात-आठ सेकंद सेल्फ घेते, सेल्फ जोरात फिरतो, चावी दोनदा ऑन-ऑफ केली की लगेच धरते, सकाळी त्रास नाही, कोड काही नाही, हे रेकॉर्डिंग." एवढं सांगितलं की त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचा प्लग-कॉईलचा खर्च.

पैसे द्यायच्या आधी तीन गोष्टी ठरवून घ्या. एका वेळी एकच पार्ट बदलायचा, नाहीतर कशानं बरं झालं ते कळत नाही. काढलेला जुना पार्ट परत घ्यायचा. आणि पार्टच्या नंबरसकट बिल घ्यायचं, पंप किंवा सेन्सरला वॉरंटी असेल तर त्याशिवाय कुणी ओळख देत नाही.

काम झाल्यावर लगेच "झाली बरी" म्हणू नका, तिथं ती परत थंडच असते. परत तेवढीच चालवा, तेवढाच वेळ बंद ठेवा, शक्यतो दुपारी दोन-तीनच्या उन्हात, आणि त्याच वहीत सेकंद लिहा. हिवाळ्यात काम केलं असेल तर मार्च-एप्रिलपर्यंत बिल जपून ठेवा.